सुई नवी हाय न्हवं?

शिरोळ तालुक्यात डॉक्टर हुशार आहे की नाही हे त्याच्या पदवीवरून ठरत नाही. तो सुई मारतो की नाही यावरून ठरतं. नुसत्या गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरकडं कुणी दुसऱ्यांदा जात नाही. "एवढ्या लांबनं आलोय, एक सुई तरी टोचा की," हे वाक्य कुरुंदवाडपासून जयसिंगपूरपर्यंत कुठल्याही दवाखान्याच्या बाकड्यावर अर्धा तास बसलात तर कानावर पडणारच. सुईतही प्रतवारी आहे. पांढरं, पाण्यासारखं इंजेक्शन म्हणजे डॉक्टरनं गंडवलं. पिवळं असेल तर बरं. आणि लाल म्हणजे अस्सल औषध, दंडात शिरताच गुण! हा लाल रंग बी-१२ जीवनसत्त्वाचा असतो आणि तापाशी त्याचा काडीचा संबंध नसतो, हे डॉक्टरला माहीत असतं. पण गिऱ्हाईक शेजारच्या दवाखान्यात जाईल हेही त्याला माहीत असतं.

सुईच्याही वर सलाईन. ज्याच्या रानातला ऊस दत्त कारखान्यात जाऊन पोत्यांनी साखर होऊन बाहेर पडतो, तोच माणूस साखर-मिठाच्या पाण्याची बाटली शिरेतून घ्यायला पैसे मोजून आडवा पडतो आणि संध्याकाळी कट्ट्यावर सांगतो, "जरा ताकद आली बगा."

अशा या सुईप्रेमी मुलखात गेल्या तीस-पस्तीस वर्षांत एक अडचण उभी राहिली आहे. लोकांना सुई पाहिजे असते आणि सुईतून येणारा एड्स नको असतो. म्हणजे सुई मागायची ती हट्टानं आणि घ्यायची ती जीव मुठीत धरून.

आमच्याकडं प्रत्येक गल्लीत एक अण्णा असतात. मी सांगतोय ते त्यातलेच एक समजा. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. अण्णा दवाखान्यात शिरले की सिस्टरच्या हातातलं पाकीट आधी स्वतःच्या हातात घेतात. चष्मा कपाळावरून नाकावर येतो. पाकीट उजेडात धरलं जातं. बनावटीची तारीख, मुदत संपायची तारीख, 'एकदाच वापरा' ही सूचना, कंपनीचा पत्ता, सगळं वाचून होतं. मग पाकिटाच्या कडेला अंगठा दाबून आत हवा आहे का बघायचं. मग सिस्टरकडं संशयानं बघत विचारायचं, "सुई नवी हाय न्हवं?"

"तुमच्यासमोरच फोडालोय की अण्णा."

"फोडाय काय, फोडून परत चिकटवत्यात म्हनं."

सिस्टर काही बोलत नाही. अशा अण्णांची तिला सवय झालेली असते.

आता याच अण्णांच्या मागून जरा चाललं तर मजा दिसते. दवाखान्यातून निघून ते दाढीला बसतात. तिथंही नियम कडक. कारागिरानं ब्लेड त्यांच्यासमोर कागदातून काढायचं, त्यांच्यासमोर मधोमध मोडायचं आणि उरलेला अर्धा भाग कुठं ठेवला तेही दाखवायचं. एवढी चौकशी झाल्यावर दाढी होते आणि शेवटी गालावरून जी तुरटी फिरते, ती तालुक्यातल्या यच्चयावत गालांवरून फिरून झिजलेली असते. तिला कुणी विचारत नाही, "बाई, तू नवी हाय न्हवं?"

नातवाचे कान टोचायला सोनार येतो तेव्हा तर सगळी चौकशी वेगळ्याच दिशेला वळते. तार बावीस कॅरटची आहे ना, हॉलमार्क आहे ना, वजन किती भरलं? तार उकळली का, हात धुतले का, हे विचारणं म्हणजे सोनाराचा आणि सोन्याचा दोघांचा अपमान. सोनं शुद्ध असतं, विषय संपला. यात्रेत गोंदवून घेणाऱ्या पोरांची गोष्ट तर सांगायलाच नको. एकाच यंत्रावर आधी कुणाच्या तरी आईचं नाव, मग महाराज, मग बदाम, त्यात बाण. मधे सुई बदलली का? बदलायला वेळ कुठाय, मागं रांग लागलीय!

आणि पाणी? २०१२ साली शेजारच्या इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ आली होती. माणसं दगावली, दवाखाने भरले. तीच पंचगंगा पुढं आमच्या तालुक्यातून वाहत नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. पण पाण्याच्या घागरीकडं अण्णांनी कधी चष्मा लावून पाहिलेलं मला तरी आठवत नाही. डास चावून एड्स पसरत नाही ही एक बरी गोष्ट. पसरत असता तर पंचगंगेतल्या जलपर्णीवरच्या डासांनी आमचा निकाल केव्हाच लावला असता.

मग सगळी भीती सुईवरच का येऊन बसली? याचं उत्तर शोधायला जरा मागं जावं लागतं.

काचेच्या सिरिंजचा जमाना ज्यांनी पाहिलाय त्यांना तो आवाज आठवत असेल. स्टोव्हवर स्टीलचा डबा, त्यात उकळत्या पाण्यात काचेच्या नळ्या आणि सुया एकमेकींवर आपटून किणकिणायच्या. सुई एकच, दंड अनेक. बोथट झाली की दगडावर घासून तिला पुन्हा धार लावायची. पाणी नीट उकळलं आणि पुरेसा वेळ उकळलं तर एचआयव्हीचा विषाणू त्यात जगत नाही, तो मुळात शरीराबाहेर फार नाजूक जीव आहे. पण 'पुरेसा वेळ' म्हणजे किती, हे दवाखान्यातल्या गर्दीवर अवलंबून असायचं. बाजाराच्या दिवशी सुई जेमतेम न्हाऊन निघायची. तेव्हा कुणीही 'नवी हाय न्हवं' विचारलं नाही. खरा धोका होता तेव्हा आम्ही निर्धास्त होतो, आणि पाकीटबंद सुया आल्यावर आम्हांला कापरं भरलं.

भारतात हा विषाणू पहिल्यांदा सापडला १९८६ साली, तेव्हाच्या मद्रासमध्ये. तो शोधणाऱ्या डॉक्टर सुनीती सोलोमन या माहेरच्या गायतोंडे, मद्रासला चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी घरातल्या. त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या डॉक्टर निर्मला यांनी रक्ताचे नमुने गोळा केले. ठेवायला जागा नाही म्हणून ते घरच्या फ्रिजमध्ये ठेवले आणि तपासणीसाठी आगगाडीनं वेल्लोरला नेले. हातमोजे नाहीत, चष्मा नाही, काही नाही. हे मी एकदा अण्णांना सांगितलं. त्यांनी बराच वेळ आपल्या घरच्या फ्रिजकडं पाहिलं आणि त्या दिवशी ताक घेतलं नाही.

पुढं नव्वदच्या दशकात भिंती रंगल्या, दूरदर्शनवर जाहिराती आल्या. बातम्यांच्या आधी ती जाहिरात लागली की घरातला कुणीतरी मोठा माणूस उठून पाणी प्यायला जायचा, आणि पोरं विचारायची, "आई, म्हंजे कशानं होतो?" आईकडं एकच उत्तर तयार असायचं, "सुईतनं."

इथंच गोम आहे. रोग पसरायचे मार्ग जाहिरातीत चार सांगितले होते. त्यातला पहिला घरात उच्चारता येत नव्हता. आईकडून बाळाला हा मार्ग उच्चारला की पुन्हा पहिल्यावर यावं लागायचं. रक्ताची बाटली क्वचितची. राहिली सुई. सोज्वळ, सभ्य, चारचौघांत बोलण्याजोगी. त्यामुळं आख्ख्या तालुक्यानं एड्सबद्दल जे काही शिकून घेतलं ते सुईपुरतं. सांगलीत 'संग्राम' संस्था १९९२ पासून आणि गोकुळनगरच्या बायकांची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' १९९६ पासून पहिल्या मार्गाबद्दल सरळ नावानं बोलत होत्या, निरोध वाटत होत्या, तो नको म्हणणाऱ्या पुरुषांना दारातूनच परत पाठवत होत्या. म्हणजे ज्यांना समाज बिघडलेलं समजत होता त्या बायका शास्त्राला धरून वागत होत्या, आणि सभ्य लोक पाकिटावरची तारीख वाचत बसले होते.

याचा एक चमत्कारिक परिणाम झाला. एखाद्याला लागण झाल्याचं कळलं की घरचे पहिल्यांदा म्हणायचे, "सुईतनं झालं म्हनं." मिरजेला वानलेस दवाखान्यात नेलं होतं, तिथनं आलं असेल. नाहीतर सिव्हिलमधनं. १८९४ पासून पंचक्रोशीला जगवणाऱ्या मिरजेच्या दवाखान्यांवर नव्वदच्या दशकात असे किती आळ आले असतील, त्याची मोजदाद नाही. ऐकणारा मान हलवायचा, "व्हय, सुईतनंच," आणि कोपऱ्यावर वळला की हसायचा. ही सबब इतक्यांनी इतक्या वेळा वापरली की तिची किंमतच उरली नाही.

आणि अण्णांची खरी भीती ही आहे. नीट ऐकाल तर ते विषाणूला फारसे भीत नाहीत. अण्णांनी दोन महापूर पाहिलेत, उसाच्या दरासाठी रस्त्यावर बसून लाठ्या पाहिल्यात. ते भितात ते याला की, उद्या खरोखरच सुईतून झालं तर कोण विश्वास ठेवणार? आयुष्यभर सरळ चाललेल्या माणसानं खरं सांगावं आणि ते शब्द न शब्द त्या कोपऱ्यावरच्या सबबीसारखं वाटावं! तुळजाभवानीची शपथ घेतली तरी लोक म्हणणार, "सगळे असंच म्हनत्यात अण्णा."

तुलनेसाठी कावीळ घ्या. दूषित सुई टोचली गेली तर काय होतं, याचा डॉक्टर लोकांत एक सोपा हिशेब आहे. तो तिनाचा. हिपॅटायटिस-बी, म्हणजे रक्तातून येणारी कावीळ असेल आणि लस घेतलेली नसेल, तर शंभरात तिसांपर्यंत माणसांना लागण होऊ शकते. हिपॅटायटिस-सी असेल तर शंभरात साधारण तिघांना. आणि एचआयव्ही असेल तर हजारात तिघांना. म्हणजे सुईच्या बाबतीत ही बी-कावीळ एड्सच्या शंभरपट चिवट. तिचा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तात सात दिवससुद्धा टिकून राहतो, म्हणजे खरं तर त्या तुरटीला भ्यायला हवं. त्यावर लस आहे, बाळांना ती सरकारी लसीकरणात फुकट मिळते. मोठ्यांनीही घ्यावी. पण अण्णांना मी लसीचं बोललो तर ते म्हणाले, "कावीळ व्हय? तिला झाडपाल्याचं औषध हाय की. ऐतवारी देत्यात. तेल-तिखट बंद केलं की उतरती." कावीळ झालेल्या माणसाला कुणी 'कुठं गेलतास' असं विचारत नाही. लोक उसाचा रस घेऊन भेटायला येतात. ज्या रोगाला भेटायला लोक येतात त्याला आमच्याकडं कुणी भीत नाही.

मात्र सुईची भीती ही निव्वळ खुळचटपणा आहे, असं म्हणून मला सुटता येणार नाही. २००९ मध्ये गुजरातच्या मोडासा भागात वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्यामुळं काविळीची साथ पसरली आणि बरीच माणसं गेली. २०१८ मध्ये उत्तर प्रदेशात उन्नावजवळ बांगरमऊला चाळीसच्या वर लोकांना एचआयव्हीची लागण झालेली आढळली, आणि ठपका आला गावोगाव फिरून स्वस्तात सुई मारणाऱ्या एका भोंदू डॉक्टरवर. पाकिस्तानात लारकानाजवळच्या रतोदेरोत २०१९ साली शेकडो लहान मुलं बाधित निघाली, तिथंही बोट सिरिंज आणि सलाईनकडंच गेलं. या शतकाच्या सुरुवातीला आपल्या देशभर इंजेक्शनांची एक मोठी पाहणी झाली होती, तीत जवळपास दोन तृतीयांश इंजेक्शनं कुठल्या ना कुठल्या अर्थानं असुरक्षित निघाली.

या सगळ्या गावांत एक गोष्ट सारखी होती. ती म्हणजे लोकांना सुई आवडायची. सर्दीला सुई, अशक्तपणाला सुई, पोर रडतंय म्हणून सुई. स्वस्तात सुई मारणारा भोंदू आकाशातून पडत नाही, त्याला रांग लावणारे लोक तयार करतात. म्हणून सुईतल्या एड्सवर सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे गोळीवर भागत असेल तिथं सुई न मागणं. पण हा उपाय अण्णांसमोर काढायची सोय नाही. "मग डॉक्टरकडं जायचं कशाला?" या त्यांच्या प्रश्नाला वैद्यकशास्त्राकडं उत्तर नाही.

गंमत अशी की सगळ्यांत निर्धोक सुई मिळते ती सरकारी लसीकरणात. तिथली सिरिंज एकदा दट्ट्या शेवटपर्यंत दाबला की आतून आपोआप अडकते. दुसऱ्यांदा ती वापरायची म्हटली तरी वापरता येत नाही. पण 'सरकारी' म्हटलं की अण्णांचं नाक वर जातं. सरकारी सुई फुकट असते, आणि फुकट वस्तू नवी कशी असेल?

भीतीला दुसरी बाजूही आहे, ती पेशंटला दिसत नाही. अण्णा डॉक्टरच्या सुईला भितात तेव्हा डॉक्टर अण्णांच्या रक्ताला भीत असतो. मोतीबिंदू असो नाहीतर हर्निया, शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्यांच्या चिठ्ठीवर एचआयव्ही लिहिलेलं असतं. एका आजींनी ती चिठ्ठी नातवाकडून वाचून घेतली आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं विचारलं, "मला डोळ्यानं दिसंना झालंय, तुमी ह्ये कशापायी बगालाय?" खरं म्हणजे २०१७ चा कायदा, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, सांगतो की माणसाला समजावून, त्याची संमती घेऊनच ही तपासणी करायची आणि निकाल गुप्त ठेवायचा. आजींना कुणी समजावलं नव्हतं. आता सगळ्या वॉर्डाला समजावावं लागलं.

हातमोज्यांचं तर विचारू नका. प्रत्येकाचं रक्त बाधितच आहे असं धरून हातमोजे घालावेत, म्हणजे कुणाला वेगळं काढावं लागत नाही, असं शास्त्र सांगतं. उत्तम शास्त्र आहे. पण आमच्याकडं ज्या पिढीनं वरून पाणी ओतणारे हात पाहिलेत, त्या पिढीतला एखादा म्हातारा डॉक्टरनं मोजे चढवलेले बघून ताडकन उठतो. "मला शिवायला चालत न्हाई व्हय तुमास्नी?" डॉक्टर बिचारा हात वर धरून उभा. तो सगळ्यांना सारखं वागवायला निघाला होता.

आणि या सगळ्यात ज्यांना सुई खरोखर टोचते त्या सिस्टर आणि सफाईवाल्या मावशी, त्यांची चौकशी कुणीच करत नाही. पेशंट ऐन वेळी दंड झटकतो आणि वापरलेली सुई सिस्टरच्या बोटात घुसते. कुणीतरी पांढऱ्या डब्यात टाकायची सुई काळ्या पिशवीत टाकतं आणि ती मावशींच्या हाताला लागते. मग त्यांनी ७२ तासांच्या आत, होता होईल तेवढ्या लवकर गोळ्या सुरू करायच्या आणि २८ दिवस घ्यायच्या. त्या घेतात आणि कामावर येतात. त्या मात्र कुणाला विचारत नाहीत, "अण्णा, तुम्ही चांगले हाय न्हवं?"

कोल्हापूर जिल्ह्यात नेत्याचा वाढदिवस आला की रक्तदान शिबिर होतं, हे सांगायला नको. मांडवात बॅनर, स्पीकरवर पोवाडा, रक्त देणाऱ्याला हेल्मेट नाहीतर जेवणाचा डबा. इथंही निम्मी पोरं विचारतात, रक्त दिल्यानं काही होत नाही ना? होत नाही. पिशवीला सुई कारखान्यातूनच जोडून येते, पिशवी एकदाच वापरली जाते. पण शिबिरात एक वेगळा दाताही असतो, आणि रक्तपेढीवाल्यांना त्याचाच धसका असतो. त्याला कुठल्यातरी जुन्या प्रसंगाची टोचणी लागलेली असते. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, दोन प्रकारच्या काविळी, गुप्तरोग आणि हिवताप अशी पाच तऱ्हेची तपासणी होते हे त्यानं कुठंतरी ऐकलेलं असतं. तो हिशेब करतो की आपलं नाव न येता तपासून होईल, वर डबाही मिळेल. रक्तपेढीचा फोन आला नाही म्हणजे आपण सुटलो. पण लागण ताजी असेल तर काही आठवडे ती चाचणीत उतरतच नाही, आणि तेवढ्या अवधीत ते रक्त दुसऱ्या कुणाच्या शिरेत जाऊ शकतं. म्हणून तपासून घ्यायचं असेल तर सरकारी केंद्रात जावं. तिथं चाचणी फुकट होते, बोलायला समुपदेशक असतो, आणि लाज वाटत असेल तर १०९७ हा फोन आहे.

पण केंद्रात जायचं म्हणजे दिसायचं आलं. म्हणून शिरोळचा माणूस इचलकरंजीला जातो आणि इचलकरंजीचा जयसिंगपूरला येतो. जयसिंगपूरचा मिरजेला. एसटीत समोरासमोर आले की दोघंही खिडकीबाहेर ऊस बघतात.

आता अण्णांच्या दाढेकडं येतो.

डिसेंबरात, ऐन तोडीच्या हंगामात, अण्णांची अक्कलदाढ दुखू लागली. काढायचं ठरलं. सोबत काकू गेल्या. भाच्यानं आदल्या रात्री मोबाईलवर फ्लोरिडाच्या दंतवैद्याची गोष्ट दाखवली होती. ती खरी आहे. १९९० साली अमेरिकेत उघडकीला आलं, त्याच्या काही रुग्णांना त्याच्याकडूनच लागण झाली होती आणि नेमकी कशी ते कधीच पुरतं उलगडलं नाही. तसं पुन्हा फारसं कुठं घडलेलं नाही, ही ओळ वाचायच्या आत भाच्याची बॅटरी संपली. त्यामुळं खुर्चीत बसण्याआधी अण्णांनी अवजारांची चौकशी मांडली. इथं पाकीट नव्हतं. डॉक्टरांनी कोपऱ्यातलं ऑटोक्लेव्ह दाखवलं. वाफ, १२१ अंश तापमान, पंधरा पौंड दाब, पंधरा-वीस मिनिटं.

काकूंनी झाकण, रबर आणि वरची पुंगळी नीट निरखली. "ह्यो कुकर हाय की वो. शिट्ट्या किती करता?"

डॉक्टर म्हणाले, खरंच, घरच्या कुकरचंच तत्त्व आहे, दाबही जवळपास तेवढाच.

"मग हरभरं शिजत्यात तेवढ्यात," काकूंनी निकाल दिला. "बसा तुमी."

"हरभरा शिजला का न्हाई ते दाबून कळतंय," अण्णा म्हणाले. "ह्यो इषाणू दाबून कसा बगायचा?"

दाढ निघाली. शंका राहिली.

त्यानंतरचे तीन महिने अण्णांनी कसे काढले हे त्यांनाच ठाऊक. भाच्याकडून त्यांना कळलं होतं की नव्या पद्धतीच्या चाचणीत दीड महिन्यानं बहुतेक सगळं उलगडतं, जुन्या पद्धतीनं पक्की खात्री पाहिजे तर तीन महिने थांबावं लागतं. त्यांनी कालनिर्णयवर तारखांना गोल केले. एक जानेवारीत, एक फेब्रुवारीच्या सुरुवातीला, एक मार्चात. काकूंना वाटलं ऊसतोडीच्या तारखा आहेत. त्यांनी कारखान्याच्या चिटबॉयला रस्त्यात गाठून विचारलं, "अमक्या तारखेला आमची तोड हाय न्हवं?" चिटबॉय म्हणाला, "न्हाई वो काकू, तुमचा नंबर अजून लांब हाय." काकू घरी आल्या, गोलांकडं पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत.

मधल्या काळात अण्णांना रोज नवं लक्षण सापडत होतं. रात्री घाम येतो. (डिसेंबरात दोन गोधड्या घेऊन झोपल्यावर येणारच.) अंगावर पुरळ उठलं. (उसाचं पान लागलं होतं.) वजन घटलं. (दाढ काढल्यावर पंधरा दिवस पेजेवर होते.) मी त्यांना सांगितलं, की अण्णा, समजा झालंच असतं, तरी आता पूर्वीसारखं नाही. २००४ पासून सरकार औषधं फुकट देतं. रोजची गोळी न चुकता घेतली तर माणूस धडधाकट सत्तरी गाठतो आणि रक्तात विषाणू सापडेनासा झाला की जोडीदारालाही लागण होत नाही. अण्णा म्हणाले, "रोज गोळी? ती कोन घेनार? बीपीचीच हुकती."

जानेवारीत मिरजेला, फेब्रुवारीत कोल्हापूरला, प्रत्येक वेळी वेगळी लॅब. दोन्हीकडं काही नाही. शेवटी मार्चात सरकारी केंद्रात. तिथल्या समुपदेशक बाईंनी अण्णांना बसवून विचारलं, धोका कशानं झाला असं वाटतं? अण्णा म्हणाले, दाढेनं. बाईंनी वर पाहिलं नाही, नुसतं लिहून घेतलं. पण त्या हसल्या नाहीत, ही त्यांची मोठीच माणुसकी. निकाल आला, काहीही नाही. तीन चाचण्या, तीन महिने, अण्णा स्वच्छ.

आता एवढा आनंदाचा कागद, पण दाखवायचा कुणाला? कट्ट्यावर दाखवावा तर पहिला प्रश्न, "तपासायची येळ का आली?" फाडावा तर पुढं कधी लागला म्हणजे? अण्णांनी तो घडी करून सातबाराच्या फायलीत, सोसायटीच्या नोटिशीच्या मागं ठेवला. त्या फायलीला घरात कुणी हात लावत नाही.

एप्रिलात पीककर्जाचं नवंजुनं करायचं म्हणून काकूंनी ती फाईल काढली.

मला हे अण्णांनी स्वतः सांगितलं, त्यामुळं त्यांची बाजू जरा जास्त आली असेल. काकूंनी कागद दोनदा वाचला. वर लिहिलेलं वाचलं, खाली लिहिलेलं वाचलं. काही नाही हे त्यांना कळलं. मग त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं मागं उलटायला सुरुवात केली. मार्चातला गोल. फेब्रुवारीतला गोल. जानेवारीतला.

"तीन म्हैनं थांबाय लागतंय न्हवं ह्याला?"

"व्हय. तुला कुनी सांगितलं?"

"टीव्हीवर सांगत हुते, तवा तुमी पानी प्याला उठायचा." काकू जानेवारीच्या पानावर येऊन थांबल्या. "म्हंजे डिसेंबरात."

"मग? दाढ काढली न्हवं डिसेंबरात? तूच हुतीस की संगं! कुकर बगितलास!"

"दाढ पंचवीस तारखेला काढली," काकू म्हणाल्या. "त्येच्या आदी चार दिस पुन्याला शेतीच्या प्रदर्शनाला कोन गेलतं?"

"ट्रॅक्टर बगायला गेलतो की."

"चार दिस?"

"लई ट्रॅक्टर हुते," अण्णा म्हणाले.